पडघान सरांची डावी बाही

पडघान सर गेले ते कोलेस्टेरॉलनं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आसेगावात अजूनही चार माणसं पारावर बसली की त्यातला एक तरी म्हणतो, "सराले ते रक्तातल्या चरबीचं होतं ना, त्यानंच गेले." तसं काही नाही. मागच्या हिवाळ्यात सरांच्या छातीत कफ साचला, न्यूमोनिया झाला आणि अकोल्याच्या दवाखान्यात ते गेले. त्यांच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट मीच काढला होता आणि तो चांगला होता. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या तो आपली परीक्षा पास होऊन गेला, एवढं तरी त्यांच्या नावावर राहू द्या.

मी शेलूबाजारला राहतो. हायवेच्या फाट्याजवळ, जिथं जीपवाले "मंगरूळ, मंगरूळ" करून ओरडत असतात, तिथं माझी एका खोलीची लॅब आहे. सकाळी मोटरसायकल काढायची, ज्यांना फाट्यावर येणं होत नाही त्यांचं रक्त गावोगावी घरी जाऊन घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, असा माझा धंदा. सर मला आठवी ते दहावी गणित आणि विज्ञान शिकवायला होते. पुढं ते निवृत्त झाले, मी सुई हातात घेतली, आणि माझ्या आसेगावच्या फेरीत त्यांचं घर आलं.

मी दिसलो की सर डावी बाही वर करत. ही त्यांची सवय सगळ्या गावाला पाठ होती. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं. ते आधी बटण काढत, मग कापडाची एकसारखी घडी करत करत बाही कोपराच्या वर नेत, जणू फळ्यावर लिहायच्या आधीची तयारी. तपासणी असो वा नसो. आठवडी बाजारात वांगी निवडताना मी समोर आलो तरी पिशवी खाली ठेवून हात पुढं. एकदा लग्नाच्या मांडवात, अक्षता टाकून झाल्या झाल्या, भर गर्दीत त्यांनी माझ्यासमोर हात धरला. "घे बाप्पा गजू, काय घ्यायचं ते घे. अहेर समज." माणसं हसली, मीही हसलो. त्या हाताची नस मात्र खरंच गुणी होती. डोळे मिटून सुई लावावी अशी.

सरांचा लौकिक गणितापेक्षा कॉपी पकडण्याचा. दहावीच्या परीक्षेला आमच्याकडं शाळेच्या खिडक्यांना पोरांपेक्षा पोरांचे काका-मामाच जास्त लटकलेले असायचे. बाकीचे मास्तर खिडक्या बंद करून घेत. सर खिडकी सताड उघडून तिथंच उभे राहत, आत फेकलेली चिठ्ठी हवेतच झेलत, शांतपणे वाचत आणि बाहेरच्या मामाला परत देत. "तिसऱ्याचं उत्तर चुकलं हाय. दुरुस्त करून आना." मामा पुन्हा काही येत नसे. वर्गात ते शुद्ध बोलायचे, पण खिडकीबाहेर आणि घरी वऱ्हाडी, कारण त्यांच्या मते रागवायचं असेल तर माणसाच्या भाषेत रागवावं.

त्यांचं एक वाक्य आमच्या पिढीला झोपेतही म्हणता येतं. "पेपर कोरा द्या, पण स्वतःचा द्या." ज्याची कॉपी सापडे त्याचा पेपर रद्द. त्यात दयामाया नाही. पण त्या पोराला ते वर्गाबाहेर काढत नसत. आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून त्याला घंटा होईपर्यंत बसवून घेत. माझ्या वर्गातला एक असाच सापडला होता. तो रडत होता आणि सर त्याच्या शेजारी काही न बोलता बसून होते. नंतर कोणी तरी त्यांना विचारलं, की याला बाहेर काहून नाही काढलं. सर म्हणाले, "पेपर गेलेलं पोरगं एकटं बाहेर सोडू नये. ते कुठं जाईन याचा भरवसा नसते."

काकू होत्या तोवर सरांच्या घरी जेवायला जाणं म्हणजे सोहळा. वऱ्हाडात पाहुण्यावरचं प्रेम रश्श्यावरच्या लाल तेलात मोजतात. आम्ही त्याला तर्री म्हणतो. काकू पळीनं वरची वरची तर्री काढून पाहुण्याच्या वाटीत सोडायच्या आणि घरच्या माणसांना खालचा रस्सा. काकू गेल्या आणि घरात सर एकटे राहिले. मुलगा प्रवीण पुण्यात मोठ्या कंपनीत, सून तिथंच, नात शाळेत. सर स्वतः स्वयंपाक शिकले. पण स्वतःच पाहुणे आणि स्वतःच घरचे झाल्यावर तर्री कोणाला वाढायची हा प्रश्न असतो. सगळीच त्यांच्या वाटीत येऊ लागली.

जयंतीच्या निमित्तानं विहारात तपासणीचं शिबिर होतं, त्यात सरांचं कोलेस्टेरॉल सापडलं. चांगलंच वाढलेलं. रिपोर्ट घेऊन मी घरी गेलो तर त्यांनी माझीच उलटतपासणी घेतली.

"मले काई होत नाही. दम लागत नाही, छाती दुखत नाही. मंग हे दुखनं कसं म्हनतं तू?"

"ते दुखत नाही सर. तेच तर त्याचं वाईट आहे."

"दुखत नाही, दिसत नाही, आन् हाय म्हनतं. हे तर देवासारखं झालं," ते म्हणाले, आणि देव न मानणाऱ्या त्या घरात आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो. पण हसून झाल्यावर त्यांनी रिपोर्ट पुन्हा एकदा उलगडून पाहिला. त्यांचे थोरले भाऊ असेच धडधाकट होते. शेतात न्याहारी करून बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. ही गोष्ट सरांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

मंगरूळच्या डॉक्टरांनी समजावलं ते सरांनी एका बैठकीत आत्मसात केलं आणि संध्याकाळी ओट्यावर त्याचा वर्ग भरवला. समोर दोन संत्रावाले शेतकरी आणि शेजारचे जब्बारभाई टेलर. "ठिबकची नळी पाह्यली ना?" सर सांगत होते. "पान्यातला क्षार आतून बसत जाते. झाडाले काई समजत नाही. पानी येऊन राह्यलं म्हनून झाड खूश. एक दिवस नळी चोंदली की झाड उभं वाळते. आपल्या रक्तातही एक चरबी अशी हाय का नळीत बसत जाते, आन् एक हाय का ते उचलून नेते. बसनारी कमी कराची, नेनारी वाढवाची. त्याच्यासाठी रोज चालाचं, तेल-तूप मोजून खाचं, आन् गोळी घ्याची."

"कितने दिन लेने की गोळी?" जब्बारभाईंनी विचारलं.

"दिन नाही. कायमची. क्षार काई एकदा धुतला म्हनून थांबते का? पानी तेच हाय ना." डॉक्टरांनाही इतकं नीट सांगता आलं नसतं.

पण त्या पहिल्या रिपोर्टनं आणखी एक गोष्ट केली. मी तो फोनवर प्रवीणला पाठवला आणि शनिवारी प्रवीण बायको-मुलीसकट दारात हजर. काकूंच्या वर्षश्राद्धानंतर, म्हणजे आमच्या भाषेत पुण्यानुमोदनानंतर, ते घर पहिल्यांदा भरलं. अंगणात नातीची चप्पल, दोरीवर सुनेची ओढणी, स्वयंपाकघरात दोन-दोन माणसांचा आवाज. प्रवीणनं बापाला गाडीत घालून अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडं नेलं, सगळ्या तपासण्या केल्या, गोळ्यांचे डबे भरून दिले. रविवारी संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा सर फाट्यापर्यंत सोडायला आले होते. मी लॅबच्या दारात उभा होतो. त्या दिवशी त्यांनी बाही वर केली नाही. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

पुढचे तीन महिने सरांनी अभ्यास केला. दुसरा शब्द नाही. तेल चमच्यानं, गोळी रात्री जेवणानंतर, पहाटे आसेगावच्या रस्त्यानं चालणं. जवसाची चटणी, आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर. तर्री तर सोडलीच. तपासणी झाली आणि सर पहिल्या श्रेणीत पास. मी रिपोर्ट प्रवीणला पाठवला. सर माझ्या शेजारी उभे राहून माझ्या फोनच्या पडद्याकडं बघत होते. उत्तर आलं. एक अंगठा.

"हे काय?"

"छान आहे म्हणतो सर. हल्ली असाच अंगठा पाठवतात."

"अस्सं," सर म्हणाले. "मी लोकायचे अंगठे सोडवाले साक्षरतेच्या वर्गात कंदील घेऊन फिरलो. आन् माह्याच पोरानं अंगठा केला." विनोद छान होता, मी हसलो. सर पण हसले. मग म्हणाले, "फोन नाही करनार का तो?"

"संध्याकाळी करेल."

संध्याकाळी केला की नाही हे मला माहीत नाही. मी दुसऱ्या गावी गेलो होतो.

त्यानंतरची तपासणी बिघडली. थोडीथोडकी नाही, पहिल्यापेक्षा जास्त. मला धक्का बसला, सरांना बसला नाही. सरांच्या ओट्यावरूनच मी रिपोर्ट प्रवीणला पाठवला, तर मी उतरायच्या आत त्याचा फोन आला. सर फोन कानाला लावून बोलत होते. "हो रे बाबा. घेतो ना गोळी. नाही, खात नाही काही. काय माहीत काहून वाढलं." आणि चेहरा असा की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, घरात पेढे वाटायचा प्रसंग आहे. प्रवीण आला, एक रात्र राहिला, बापावर रागावला आणि गेला. त्याच्या पुढची तपासणी पण नापास. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. प्रवीण पुन्हा आला.

मी काही डॉक्टर नाही. आकडे काढून द्यायचे एवढंच माझं काम. आनुवंशिक असेल, वय असेल, असं मी स्वतःलाच सांगत होतो.

मग ती रोडग्यांची सकाळ आली. ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कणकेचे थर देऊन मुठीएवढे गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, आतून शिजले की राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतात दहा-वीस माणसं जमवून करायचा हा प्रकार. नवस असो की नुसती हौस, रोडगे एकट्यासाठी कोणी करत नाही. गोवऱ्यांचा तेवढा आर कोणी एका माणसासाठी पेटवत नाही.

मी सरांच्या घरी पोचलो तर परसातून धुराचा वास येत होता. सर आतून आले. बाही आधीच वर केलेली.

"उपाशी ना सर?" हा माझा रोजचा प्रश्न.

"उपाशी," सर म्हणाले. त्यांच्या मिशीला तूप लागलेलं होतं.

इतक्या वर्षांचा धाक असा जात नाही. रक्त घेतलं, नळीवर नाव टाकलं आणि निघालो. लॅबमध्ये आलो, नळी यंत्रात फिरवली. रक्त फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर स्वच्छ पिवळसर पाणी राहतं. सरांच्या नळीत वर पाणी नव्हतं, दूध होतं. पांढरं, दाट, तांदळाच्या धुवणासारखं. तास-दोन तासांपूर्वीच जेवलेल्या आणि भरपूर तूप खाल्लेल्या माणसाचं रक्त असं होतं. मी बराच वेळ ती नळी हातात धरून बसलो. मग ती खिशात टाकली आणि भर दुपारी पुन्हा आसेगावची वाट धरली.

सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडं धरली. पूर्वी चिठ्ठी धरत तशीच, दोन बोटांत.

"दूध दिसून राह्यलं," ते म्हणाले.

"रोडगे होते ना सर?"

"होते." मग म्हणाले, "लय झाले. एकट्याचे होतच नाहीत. बाकीचे जब्बारभाईकडं देल्ले."

"आणि गोळ्या?"

"तपासनी जवळ आली की बंद करतो. महिनाभर आधी."

मला राग आला. खरं म्हणजे मला सरांवर राग येऊ शकतो हेच तोवर ठाऊक नव्हतं. "सर, डॉक्टर न घेतलेल्या गोळीची ताकद वाढवत बसले आहेत! तुमचे भाऊ बांधावर गेले, तुम्हीच सांगितलं मला. गावाला ठिबकची नळी तुम्ही समजावली. तुम्हाला कळत नाही असं तर नाही."

"सगळं कळते," सर म्हणाले. "म्हनूनच तर बराबर बिघडवता येते."

ते त्या नळीकडंच बघत बोलायला लागले.

"पास झालो की अंगठा येते गजू. नापास झालो की पोरगं येते."

"तुम्ही फोन करा ना त्याला. तुम्ही बोलवा."

"करतो ना. वाईट नाही रे पोरगं. उचलते. 'बाबा, सगळं ठीक ना?' म्हनते. ठीक हाय म्हटलं की फोन संपते. ठीक नाही म्हटलं की चालू राह्यते. आता त्याच्या आईच्या मागं माह्यापाशी ठीक नसलेलं दुसरं काय हाय सांगाले? पेन्शन हाय, घर हाय, गुडघे चांगले हायेत. हे एकच दुखनं होतं, आन् ते बी मी अभ्यास करून बरं करून टाकलं."

उन्हात रस्ता ओस पडलेला होता. ज्या माणसानं आम्हाला कोऱ्या पेपरची लाज वाटू दिली नाही तो माणूस नापास होण्यासाठी पहाटे एकटाच गोवऱ्या पेटवून बसला होता, हे मला सहन होत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी उगाच बॅगेची चेन लावत बसलो.

सरांनी नळी माझ्या हातात परत दिली.

"कॉपी पकडली तू."

"सर, मी काय..."

"पकडली. आता नियम लाव. पेपर रद्द. हा रिपोर्ट प्रवीणले पाठवू नको. फेकून दे." मग त्यांनी पायानं शेजारची खुर्ची माझ्याकडं सरकवली. "आन् बस इथं. पेपर गेलेल्या मानसाले एकटं सोडू नये."

मी बसलो. आम्ही दोघं काही न बोलता बसून होतो, तेवढ्यात जब्बारभाई रोडग्यांचं रिकामं पातेलं परत द्यायला आले. आमचे चेहरे बघून त्यांनी काय झालं ते विचारलं, आणि सरांनी एखाद्या मुलाचा गुन्हा सांगावा तसा स्वतःचा सगळा गुन्हा त्यांना सांगितला. जब्बारभाई ऐकत ऐकत लाल झाले.

"पोराले बोलवाले मरून दाखवा लागते का सर?" ते ओरडले. "और मैं क्या मर गया? दस कदम पे मशीन चला रहा ना मैं! एक आवाज देने का था. मेरेको रोडगे भेजे, ये नहीं बोले के जब्बार, आके मेरे साथ खा."

सर खाली मान घालून ऐकून घेत होते. सरांना खाली मान घातलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

त्या दिवसापासून जब्बारभाई रोज रात्रीचं जेवण झालं की सरांच्या ओट्यावर यायला लागले. स्वतःसमोर सरांना गोळी घ्यायला लावत आणि वर, "दिखाओ जीभ." सर जीभ दाखवत. एक म्हातारा दुसऱ्यावर अशी जरब बसवताना बघून येणारा-जाणारा हसायचा. पण त्या जरबेत सरांचं बरं चाललं होतं. त्यांच्या बोलण्यात पुन्हा खोड्या आल्या. गोळी घेताना ते जब्बारभाईंना म्हणायचे, "तुमच्या मशीनले रोज तेल पाजता, मले चमचाभर देत नाही."

हे फार टिकलं नाही. जब्बारभाईंच्या डोळ्यांना सुईचं नाकं दिसेनासं झालं. त्यांच्या मुलाचं कारंज्याला कापडाचं दुकान आहे, तो येऊन बापाला घेऊन गेला. मशीन पण गेली. निघताना जब्बारभाई सरांना बजावून गेले, "गोळी मत छोडना. मैं फोन पे पूछूंगा." आणि विचारायचेही, पण त्यांना कानाला कमी ऐकू यायचं आणि सरांना फोनवर ओरडून बोलणं आवडत नसे. सर मला एकदा म्हणाले, "गोळी घेतो रे रोज. पन आता जीभ कोनाले दाखवू?" हे त्यांनी हसतच सांगितलं होतं.

मला वाटलं होतं, आता सर पुन्हा घसरतील. नाही घसरले. पुढची तपासणी झाली तेव्हा ते खरोखर उपाशी होते. तोंडाला कोरड पडलेली, ओठ वाळलेले. नळी फिरवली तर वर इतकं स्वच्छ पाणी, की लॅबमध्ये एकटाच असूनही मी "वा सर" म्हणालो. रिपोर्ट चांगला आला. प्रवीणला पाठवू का म्हणून मी सरांना आधी फोनवर विचारलं. "पाठव," ते म्हणाले. "जसा हाय तसा. आता कोरा का असेना, माह्या नावाचा हाय." मी पाठवला. अंगठा आला. या वेळी अंगठ्यासोबत एक फूल पण होतं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "प्रगती हाय."

रक्त घ्यायला त्यांच्याकडं जायचं काम आता काही महिने नव्हतं. दिवाळी झाली. तुरीला फुलं आली होती. आसेगावला एका ओळखीच्याकडं साखरपुडा होता, म्हणून मी संध्याकाळचा गेलो होतो. कामाची बॅग नाही, अंगात नवा शर्ट, आणि परतताना सरांच्या घरावरून. सर ओट्यावर होते. शेजारी दुसरी खुर्ची, तिच्यावर फोन ठेवलेला. मला बघून त्यांनी डाव्या मनगटाचं बटण काढलं आणि एकेक घडी करत बाही वर नेली.

मी गाडी थांबवून हसत म्हणालो, "आज नाही सर. आज बॅग पण नाही. आणि तुमचा रिपोर्ट तर पहिल्या श्रेणीत आला."

"ठाऊक हाय." हात तसाच पुढं. "तरी पाहून घे ना काही."

मला वाटलं, नेहमीची थट्टा. पण ते हसत नव्हते. मी गाडीवरून उतरलो आणि ओट्यावर गेलो. त्यांनी खुर्चीवरचा फोन उचलून खिशात टाकला, मला जागा करून दिली.

"जब्बारभाई गेल्यापासून," सर म्हणाले, अगदी साध्या आवाजात, गणिताचं उदाहरण सांगावं तसं, "ह्या हाताले तुह्याशिवाय कोनाचा हात लागला नाही गजू. आन् तुही तपासनी तर आता फागुनात."

मी त्यांचं मनगट हातात घेतलं, अंगठ्याखाली तीन बोटं ठेवली आणि नाडी मोजायला बसलो. नाडी मोजायला घड्याळ लागतं. माझ्या हातात घड्याळ नव्हतं, फोन गाडीच्या डिक्कीत होता. हात मात्र गरम होता आणि नाडी संथ, चांगली चालली होती. समोरच्या रस्त्यानं बैलगाडी गेली, दिवे लागले, मी आपला मोजल्यासारखा बसून राहिलो.

सरांनी एकदा माझ्या रिकाम्या मनगटाकडं पाहिलं. ज्यांच्या नजरेतून शेवटच्या बाकावरची मुठीतली चिठ्ठी कधी सुटली नाही, त्यांना हे दिसणार नाही असं कसं होईल? त्यांना दिसलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"नीट मोज," ते म्हणाले. "घाई नको करू."